जपलेलीं पत्रें, जाळलेलीं पत्रें

मनुष्य निवर्तल्यानंतर त्याच्या घरादाराची, शेतीवाडीची, भांड्याकुंड्यांची वाटणी होते. तिच्यापायीं सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. परंतु त्याच मनुष्यानें चाळीस वर्षें जपलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यावर हक्क सांगणारा वारस क्वचितच आढळतो. गठ्ठा माळ्यावर जातो, माळ्यावरून रद्दींत किंवा बंबांत जातो, आणि त्याच्याबरोबर त्या घराचें बोलणें कायमचें बंद होतें. सनदा आणि खरेदीखतें जपलीं म्हणजे घराचा इतिहास जपला अशी आपली समजूत आहे. वास्तविक त्या कागदांत घराच्या जमिनीचा इतिहास असतो; घरांतील माणसांचा इतिहास पत्रांत असतो. अशा पत्रांपैकीं कोणतीं टिकतात, कोणतीं नाहींशीं होतात व कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पत्राचें सामर्थ्य आणि त्याचें क्षणभंगुरत्व हीं दोन्ही कालिदासाला चांगलीं ठाऊक होतीं. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत शकुंतला आपलें मनोगत कमलिनीच्या पानावर नखांनीं उमटविते. विक्रमोर्वशीयांत उर्वशीनें लिहिलेलें भूर्जपत्र विदूषकाच्या हातून निसटतें आणि नेमकें राणीच्या हातीं पडतें. एक पत्र सुकून जाणारें, दुसरें भलत्याच्या हातीं जाणारें! नाश आणि परक्याचा डोळा हे पत्राचे दोन शत्रु तेव्हां होते तसे आजहि आहेत. त्या दोहोंना न जुमानतां एका कुटुंबानें आपलीं पत्रें पिढ्यान्‌पिढ्या कशीं राखलीं, हें पाहावयास थोडें दूर, अमेरिकेंत, जावें लागेल.

जॉन अ‍ॅडम्स हा अमेरिकेच्या लोकसत्ताक राज्याचा दुसरा अध्यक्ष. तो मूळचा मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वकील. त्याचें व अ‍ॅबिगेल हिचें लग्न १७६४ सालीं झालें. पुढें राजकारणामुळें पतीचा मुक्काम कधीं फिलाडेल्फियास तर कधीं युरोपांत, आणि पत्नी गांवीं शेत व मुलें सांभाळीत आहे, असा संसार अनेक वर्षें चालला. या वियोगामुळें त्या दोघांमध्यें जो पत्रव्यवहार झाला त्यांतील अकराशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. १७७४ च्या जुलै महिन्यांत, स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागण्यापूर्वींच, जॉननें पत्नीला लिहून ठेविलें होतें कीं, माझीं पत्रें नीट जपून ठेव. या संकटकाळांतील चालीरीतींचें व विचारांचें एक चित्र त्यांत पुढच्या पिढ्यांना पाहावयास मिळेल. १७७६ च्या जूनमध्यें त्यानें पत्रांच्या नकला ठेवण्याकरितां एक मोठी कोरी वही विकत घेतली आणि पत्नीनेंहि तसेंच करावें असें तिला सुचविलें. पत्रें आपोआप उरलीं नाहींत. तीं उरावीं असें कुणीतरी आधीं ठरविलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परक्याच्या डोळ्याचा प्रसाद अ‍ॅडम्सलाहि मिळाला. १७७५ च्या जुलैंत त्यानें लिहिलेलीं खासगी पत्रें इंग्रजांनीं वाटेंत पकडलीं आणि तीं छापून त्याची शोभा केली. त्यांतील एक पत्नीस लिहिलेलें होतें. एखाद्यानें त्यानंतर लेखणी खालीं ठेविली असती. या दांपत्यानें ठेविली नाहीं.

त्या पत्रांत काय आहे? राज्यघटनेची चर्चा आहे, सेनापतींचीं नांवें आहेत. पण तीं इतर ग्रंथांतहि सांपडतात. इतरत्र न सांपडणारें जें आहे तें बहुतेक अ‍ॅबिगेलच्या पत्रांत आहे. १७ जून १७७५ रोजीं बंकर हिलची लढाई जुंपली, तेव्हां आठ वर्षेंहि पुरीं न झालेल्या मुलाचा हात धरून ही बाई टेकडीवर उभी राहून तोफांचा धूर पाहत होती. त्याच वर्षीं पावसाळा सरतां सरतां गांवांत रक्तातिसाराची साथ आली. त्या साथींत तिची आई गेली. १७७६ च्या जुलैंत मुलांना देवी टोंचवून घेण्यासाठीं ती बॉस्टनला जाऊन राहिली. १७७७ च्या जुलैंत प्रसूतिवेदना सुरू झालेल्या असतांना तिनें पतीला पत्र लिहिलें. वेदनेची कळ आली म्हणजे लेखणी थांबे. ती मुलगी मृत जन्मली. साखर किती महागली, टांचण्या बाजारांत मिळत नाहींत, शेतावर गडी मिळत नाहीं, असल्या गोष्टी कोणत्या इतिहासकारानें नोंदविल्या असत्या? आणि ३१ मार्च १७७६ च्या पत्रांत तिनें पतीला बजाविलें कीं, नवे कायदे कराल तेव्हां स्त्रियांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातीं अमर्याद सत्ता देऊं नका. पतीनें ती गोष्ट हंसण्यावारी नेली. परंतु पत्र टिकलें, म्हणून तो प्रश्न टिकला. आज अडीचशें वर्षांनींहि तो वाचणाऱ्यास विचार करावयास लावतो.

या दोघांचा नातू चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यानें १८४० सालीं आजीचीं पत्रें छापलीं आणि १८७६ सालीं, स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या वर्षीं, आजी-आजोबांच्या पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९५६ मध्यें कुटुंबानें सर्व दफ्तर मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासमंडळास देऊन टाकलें.

याच काळांतील दुसरीं दोन मोठीं घराणीं पाहावीं. पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालीं वारला. त्याच्या मागें त्याची पत्नी मार्था हिनें पतिपत्नींचा एकमेकांशीं झालेला पत्रव्यवहार जाळून टाकिला. चुकून राहिलेलीं मोजकीं पत्रें तेवढीं उरलीं. त्यांतील दोन एका लेखनमेजाच्या खणामागें अडकून राहिल्यामुळें वांचलीं असें सांगतात. तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन याची पत्नी १७८२ मध्यें वारली; त्या दोघांमधील पत्रेंहि उरलीं नाहींत. म्हणून या दोन थोर पुरुषांचें राजकारण आपणांस तपशिलानें समजतें, पण त्यांच्या सहधर्मचारिणी जवळजवळ मुक्या आहेत.

जेफर्सननें मुलींना लिहिलेलीं पत्रें मात्र राहिलीं. १७८३ च्या नोव्हेंबरांत त्यानें अकरा वर्षांच्या मातृहीन मुलीला दिवसाचें वेळापत्रकच लिहून पाठविलें: सकाळीं आठ ते दहा संगीत, मग एक दिवस नृत्य व एक दिवस चित्रकला, तिसऱ्या प्रहरीं फ्रेंच वाचन, संध्याकाळनंतर इंग्रजी, आणि शब्दलेखनांत चूक होतां कामा नये अशी तंबी. शिक्षकाचा पेशा केलेल्या मनुष्यास ही तंबी वाचून बरें वाटतें, हें सांगणें नलगे.

हें पत्र वाचतांना आपल्याकडील एका वृद्ध स्त्रीची आठवण होते. जेफर्सन मुलीला लिहीत होता त्याच सुमारास नाशिकजवळ गंगापूर येथें गोदातीरीं गोपिकाबाई पेशवे राहत होत्या. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ सालीं पानिपतावर पडला. त्याच वर्षीं पति नानासाहेब गेले. १७७२ त माधवराव गेले. १७७३ त धाकट्या नारायणरावाचा शनिवारवाड्यांत खून झाला. उरला तो १७७४ त जन्मलेला नातू, सवाई माधवराव. १७८८ त बाईंचें देहावसान झालें. त्यापूर्वीं या नातवाला त्यांनीं आचारविचाराविषयीं जो लेखी उपदेश केला, तो मराठी पत्रवाङ्मयांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील पित्याच्या पत्रांत व गोदातटींच्या आजीच्या पत्रांत अंतर पुष्कळ. पण आईविना वाढणाऱ्या मुलीची चिंता एकीकडे आणि पित्यावांचून वाढणाऱ्या नातवाची चिंता दुसरीकडे, यांत फारसें अंतर नाहीं.

अशीं पत्रें महाराष्ट्रांत उजेडांत कशीं आलीं, ही कथा अभिमानास्पद आहे, आणि तिचा एक धागा आपल्या खानदेशांत येऊन पोंचतो. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांतील पत्रें निवडून "ऐतिहासिक लेखसंग्रह" काढिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाई येथें जुन्या पत्रांचा सांठा सांपडला. त्यांतून १८९८ सालीं "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढें खंडांची संख्या बावीसवर गेली. शंभर वर्षांनंतर रचलेल्या बखरीपेक्षां त्या दिवशीं, त्या जागीं लिहिलेलें साधें पत्र अधिक विश्वसनीय, हा धडा राजवाड्यांनीं महाराष्ट्राला दिला. ते गांवोगांव हिंडले, वाडे धुंडाळले, माळ्यांवरचे रुमाल सोडविले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास राहिले व ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच वारले. त्यांच्या मागें धुळेकरांनीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्यांचें दफ्तर सांभाळलें. सरकारी पेशवे दफ्तरांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेंहि याच परंपरेंतील कार्य होय.

हें सर्व वैभव मान्य करून एक प्रश्न विचारावासा वाटतो. या खंडांवर खंडांत आपल्या पणज्या-खापरपणज्या किती बोलतात? गोपिकाबाई बोलतात, अहिल्याबाई बोलतात. त्या राज्यकर्त्या घराण्यांतल्या. सामान्य गृहस्थाच्या घरांतील बाई कोठें आहे? मोडी वाचतां येतें म्हणून ओळखीचे लोक आपल्या घरचीं जुनीं दफ्तरें मजपुढें आणून ठेवितात. त्यांत कुळकर्णाचे कागद असतात, कर्जरोखे असतात, दत्तकपत्रें असतात, भाऊबंदकीचीं लांबच लांब पत्रें असतात. एका घरच्या अशा गठ्ठ्यांत सुमारें साठ वर्षांचीं पत्रें होतीं. त्या सबंध गठ्ठ्यांत घरच्या स्त्रियांचा उल्लेख पत्राच्या शेवटीं "घरांतील मंडळींचा नमस्कार" एवढाच. ज्या बाईनें त्या घराला आठ मुलें दिलीं आणि त्यांतलीं पांच मातीआड जातांना पाहिलीं, तिचें नांवसुद्धां त्या कागदांत नाहीं; तें वंशावळ सांगणाऱ्या एका वृद्ध आत्याबाईंच्या स्मरणांतून काढावें लागलें.

याचीं कारणें आपल्या कुटुंबपद्धतींतच आहेत. पहिलें उघड कारण म्हणजे निरक्षरता: बाईला कांहीं कळवावयाचें झालें तर दिराकडून किंवा मुलाकडून लिहवून घ्यावें लागे, आणि दिराला सांगतां येईल तेवढेंच पत्रांत येई. दुसरें कारण मर्यादेचें. एकत्र कुटुंबांत परगांवीं गेलेला मुलगा पत्र लिही तें "तीर्थरूप" वडिलांना. तें सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचलें जाई. पत्नीस निराळें पत्र लिहिणें हा निर्लज्जपणा गणला जाई. अ‍ॅडम्स पत्नीस मायन्यांत "परम मित्र" म्हणत असे. आपल्याकडे नवऱ्यानें बायकोस काय मायना लिहावा हाच प्रश्न कित्येक पिढ्यांना पडला नाहीं, कारण पत्रच लिहावयाचें नव्हतें. १ जुलै १८७९ पासून पैशाचें कार्ड निघालें आणि पत्र गरिबाच्या आवांक्यांत आलें. परंतु कार्ड उघडें, तें टपालवाल्यापासून ओसरीवरच्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांनीं वाचावयाचें. मनांतलें दुःख त्यावर कोण लिहिणार?

तिसरें कारण अशुभाच्या भीतीचें. मृत्यूची वार्ता आणणारें पत्र वाचून होतांच फाडून टाकावयाचें, तें घरांत ठेवावयाचें नाहीं, ही चाल सर्वांस ठाऊक आहे. मंगलकार्याच्या कुंकू लावलेल्या पत्रिका तारेला अडकविलेल्या राहिल्या, आणि ज्यांत माणसांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत होती तीं पत्रें त्याच दिवशीं नष्ट झालीं. बाळंतपणांत गेलेल्या लेकी, माहेरीं आलेल्या विधवा यांची हकीकत अशाच पत्रांतून येई. म्हणजे स्त्रीचें आयुष्य ज्या कागदावर उतरण्याचा संभव अधिक, तोच कागद फाडण्याची आपली रीत होती.

ज्या थोड्या स्त्रियांचीं पत्रें वांचलीं त्यांकडे पाहिलें म्हणजे आपण काय गमावलें याची कल्पना येते. सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें उपलब्ध आहेत. १८५६ च्या पत्रांत, आजारपणामुळें माहेरीं असतांना, अस्पृश्यांना शिकविण्याच्या कार्याबद्दल नांवें ठेवणाऱ्या भावाशीं झालेला वाद त्या पतीला कळवितात; १८७७ च्या पत्रांत दुष्काळानें पिळलेल्या जुन्नर भागाची स्थिति आहे. पतीच्या कार्यांत बरोबरीनें उभी असलेली बाई पतीला वृत्तान्त कळविते आहे, असें हें दृश्य. अ‍ॅबिगेलच्या पत्रांशेजारीं तीं निःसंकोच ठेवावींत.

दुसरें उदाहरण डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्या निघाल्या, ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नसतांना, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची व पति गोपाळराव यांचीं पत्रें टिकलीं म्हणून काशीबाई कानिटकरांना त्यांचें चरित्र लिहितां आलें. त्या पत्रांत केवळ आदर्श दांपत्य दिसत नाहीं. हट्टी, तापट नवरा दिसतो, त्याच्या बोचऱ्या शब्दांना शांतपणें पण स्पष्ट उत्तर देणारी पत्नी दिसते. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर या बाईशीं त्यांचा स्नेह पत्रांतूनच जडला. तिला त्या मावशी मानीत. आनंदीबाईंची रक्षा अखेर त्याच कुटुंबाच्या दफनभूमींत, न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें, विसावली. अ‍ॅडम्सच्या देशाशीं आपल्या एका मुलीचें हें नातें निव्वळ कागदानें जोडलेलें आहे.

आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचें काय? त्याचें उत्तर जळगांवानें दिलें आहे. असोद्याच्या माहेरच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत त्यांना जें सुचे तें घरच्यांनीं वहींत उतरून ठेविलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या गेल्या. पुत्र सोपानदेव यांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ सालीं "बहिणाबाईंचीं गाणीं" महाराष्ट्रासमोर आलीं. घरांतल्या एका माणसानें कागद-दौत घेऊन बसण्याचा कंटाळा केला असता, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्यास मुकली असती! अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं पुतणी सुधा हिला लिहिलेलीं पत्रें "सुंदर पत्रें" म्हणून छापलीं गेलीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाहीं. घरच्या गोष्टी चारचौघांत कां आणाव्या? मार्था वॉशिंग्टननें आपल्या सुखदुःखाचे कागद जाळले, तो तिचा अधिकारच होता. हें आम्हांस मान्य आहे. ज्यानें लिहिलें वा ज्याला लिहिलें त्यानें जाळावें. त्यास कोण ना म्हणेल? परंतु आपल्या घरांतून पत्रें गेलीं तीं बहुधा अशा विचारानें गेलीं नाहींत. तीं वाळवीनें खाल्लीं, रद्दीवाल्यानें तोलून नेलीं, मोडी येत नाहीं म्हणून निरुपयोगी ठरलीं. जपणें म्हणजे छापणें नव्हे. अ‍ॅडम्सच्या घरांतहि पहिला संग्रह निघाला तेव्हां अ‍ॅबिगेलला जाऊन बावीस वर्षें लोटलीं होतीं. नाजूक पत्रें निराळ्या पाकिटांत घालून, अमुक वर्षापर्यंत उघडूं नयेत, असें वर लिहून ठेवतां येतें.

आजच्या घरांत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. मुलें परदेशीं आहेत, रोज भ्रमणध्वनीवरून बोलणें होतें, संदेश येतात. पण यंत्र बिघडलें कीं सगळें पुसून जातें. पत्र लिहिणारी शेवटची पिढी आपल्यासमोर बसलेली आहे. तिच्याजवळ जें आहे तें सांभाळावयास फार विद्वत्ता लागत नाहीं. गठ्ठे कोरड्या जागीं, स्वच्छ सुती रुमालांत बांधावे. लोखंडी टांचण्या काढाव्या, कारण त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, तिनें कागद कायमचा डागाळतो. कोणाचें पत्र, कोणास, नातें काय, गांव कोणतें, हें निराळ्या चिठ्ठीवर लिहून आंत घालावें. तें सांगणारी आजी आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. छायाचित्रें काढून एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. मोडी वाचतां येत नसेल तर वाचणारा शोधावा. धुळ्याचें राजवाडे मंडळ, पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था याच कामासाठीं जन्मास आल्या.

दिवाळीपूर्वीं घरोघर झाडलोट होते आणि जुनें तें बाहेर निघतें. त्या वेळीं माळ्यावरचा गठ्ठा खालीं आला, तर तो बांधूनच पुढें पाठवूं नये. घरच्या सुनेनें व सासूनें एक दुपार त्यासाठीं काढावी, आणि त्यांतील स्त्रियांच्या हातचें जें असेल, मग तें अर्धें कार्ड असो, औषधाची यादी असो, माहेराहून आलेल्या चार ओळी असोत, तें आधीं बाजूस काढून जपावें. जमिनीचे कागद जपण्यास सरकार आहे. हे चार कागद जपण्यास त्या घरावांचून दुसरें कोणी नाहीं.